चार नंबर बंद

मधु शिरोळेच्या घरात एक कायदा होता. जेवताना ज्याच्या तोंडून इंग्रजी शब्द निघेल, त्या दिवशीची भांडी त्याच्या गळ्यात. मस्कतच्या वादी अदाईतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा कायदा बारा वर्षं चालला, आणि खोटं कशाला बोला, त्या बारातली अकरा वर्षं भांडी त्याच्या लेकीनं, अंतरानंच घासली. तिची आई नूतन हुशार बाई. जेवताना ती बोलायचीच नाही.

मधु मूळचा पुण्याचा, आयटीआय केलेला वायरमन. मस्कतला येऊन एकतीस वर्षं झालेली. मोठमोठ्या इमारतींची वीज आणि एसी सांभाळणाऱ्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता. कामात वाघ, पण मराठीच्या बाबतीत हट्टी म्हणजे किती हट्टी! मुलगी इथंच जन्मली, इंडियन स्कूलमध्ये शिकली, मैत्रिणींशी इंग्रजीत खिदळली. तिला मराठी यायची ती कशी, तर आधी डोक्यात इंग्रजी वाक्य तयार करायचं आणि मग त्यातला एकेक शब्द उचलून त्या जागी मराठी शब्द ठेवायचा. सर्दी झाली की म्हणायची, "बाबा, मी थंड पकडलं." आंघोळीला निघाली की, "आई, मी फवारा घेऊन येते." नूतनची हसून हसून पुरेवाट व्हायची. मधुला मात्र त्यात काही वावगं वाटायचं नाही. शब्द मराठी आहे ना? मग झालं तर. बाकीचं येईल मागनं.

ते काही आलं नाही. आणि ते आलं नाही म्हणून काय घडलं, तेच सांगायचं आहे.

बारावीला अंतराला अडुसष्ट टक्के पडले. पुण्याहून मधुच्या बहिणीचा, किशोरीचा, लगेच फोन. "दादा, इंजिनिअरिंगचं काय ते?" मधुनं सांगितलं, इथंच मस्कतमध्ये एक कॉलेज आहे, दोन वर्षांची असोसिएट डिग्री देतं, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधली. मग किशोरी म्हणाली, "असोसिएट डिग्री म्हणजे काय रे? डिग्रीची सावत्र बहीण?"

"हस तू," मधु म्हणाला. "अगं, पुस्तकं कमी आणि पाना-पक्कड जास्त असं शिक्षण आहे ते. कॉलेजवाले आधी कंपन्यांना विचारतात, तुम्हाला कसली माणसं लागतात, आणि तसली तयार करून देतात. चार वर्षं इंजिनिअर होऊन मग नोकरीसाठी चपला झिजवायच्या, त्यापेक्षा दोन वर्षांत हातात काम."

बहिणीला त्यानं एवढंच सांगितलं. खरी गोष्ट पोटात ठेवली. मधुची अठ्ठावन्न पुरी झाली होती, आणि कंपनीनं त्याला लेखी कळवलं होतं, साठ झाली की खलास, घरी जा. मुलीचा व्हिसा बापाच्या व्हिसाला बांधलेला. तिला त्याआधी नोकरी लागली, तर ती स्वतःच्या व्हिसावर इथं राहणार. नाही लागली, तर जिथं ती कधी चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिली नाही, त्या पुण्यात सगळं नव्यानं सुरू करायचं. त्याच्याकडं दोन वर्षं होती आणि कोर्स दोन वर्षांचा होता. एक सेमिस्टर मागं पडून चालणार नव्हतं.

अंतराचं म्हणाल, तर ती खूश होती. नऊ वर्षांची असताना तिनं नूतनचा मिक्सर खोलून परत जोडला होता. एक स्क्रू उरला, पण मिक्सर चालला. तो स्क्रू मधुनं अजून पाकिटात जपून ठेवला होता.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. मुआज नावाचा ओमानी शिक्षक उभा राहिला, इब्रा गावचा माणूस, शांत, सावकाश बोलणारा. त्यानं दोन तांब्याच्या पट्ट्या हातात धरल्या. पट्ट्या एकमेकींपासून दूर केल्या आणि म्हणाला, "धिस इज ओपन. वीज पलीकडं जाऊ शकत नाही. तुम्ही जगलात." मग पट्ट्या एकमेकींना टेकवल्या. "धिस इज क्लोज्ड. वाट जुळली, वीज वाहिली. आता हात लावाल तर मेलात. दाराचं उलट असतं. दार ओपन असलं की माणूस आत येतो. विजेला मात्र ओपन म्हणजे वाट तुटलेली. या खोलीतनं दुसरं काही घेऊन गेला नाहीत तरी चालेल, एवढं घेऊन जा."

मधु मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. हे त्याला नवीन नव्हतं. इंग्रजी कागदावर तो स्वतःही ओपन-क्लोज्ड असंच लिहायचा. पण हाताखालच्या माणसांशी बोलताना त्याची भाषा सरळ होती, जी सगळ्या हिंदुस्थानी वायरमनांची असते. वीज असली की चालू. वीज गेली की बंद.

मुआज पुढं म्हणाला, "आणि साइटवर वॉकी-टॉकीवर एकच भाषा. इंग्रजी. माझी अरबी घरी, तुमची हिंदी आणि मल्याळम घरी. आपल्या भाषेत माणूस अर्धंच ऐकतो आणि उरलेलं स्वतःच भरतो."

"आला मोठा शहाणा," मधु शेजारच्या अनोळखी केरळी बापाच्या कानात हिंदीत पुटपुटला. "एकतीस साल से अपनी बोली में काम कर रहा हूँ. कोई मरा क्या?"

शिव्या द्याव्यात असा हा प्रश्न. माणसानं असले प्रश्न विचारू नयेत. कोण ऐकत असतं, सांगता येत नाही.

मधुचा उजवा हात म्हणजे तय्यब. रत्नागिरीकडचा, बाणकोटच्या खाडीवरचा, पन्नाशीतला फिटर. एकोणीस वर्षं दोघं बरोबर होते. तय्यब नमाजाला आणि मधुच्या शब्दाला कधी चुकला नाही. कुठल्याही पॅनलमध्ये हात घालण्याआधी तो एकदाच विचारायचा, "बंद हाय ना, मधुभाय?" मधुनं "बंद" म्हटलं की बिस्मिल्ला म्हणून हात आत. दुसऱ्या कुणाच्या "बंद"वर तो पाना उचलायचा नाही. त्याची बायको शकीला गावाकडनं फोनवर विचारायची, "कामाला जपून जातांव ना?" तो म्हणायचा, "मधुभाय हाय."

शुक्रवारी दुपारी तय्यब जेवायला मधुकडं यायचा, येताना मत्रा बाजारातनं मासे घेऊन. असाच एक शुक्रवार. अंतराचं पहिलं सेमिस्टर संपत आलेलं. ताटात किंगफिशचा रस्सा, आणि मधुला लेकीचं कौतुक करून घ्यायची हुक्की आली.

"सांग चाचांना, काय काय शिकलीस. मराठीत हं! नाहीतर भांडी आहेतच."

अंतरानं घास खाली ठेवला. डोळे वर गेले, वाक्य जुळवताना जायचे तसे. मग एकेक शब्द नीट तोलून ती म्हणाली, "ब्रेकर उघडा असला तर माणूस वाचतो. ब्रेकर बंद असला, तर त्याला हात लावला की माणूस मरतो."

तय्यबचा घास तोंडाजवळच राहिला. "उलटं बोल्लीस गं पोरी. बंद असला तर कशाला मरंल?"

"नाही चाचा. बंद असला तरच मरतो."

"तौबा! आमच्यात तर बंद म्हंजे बंद."

नूतननंही मान वर केली. पण मधु मांडीवर थाप मारून हसला. "अरे, पुस्तकातलं बोलतेय ती! पुस्तकात असंच उलटंसुलटं असतं. ते सोड, वाक्य ऐकलंस का? ब्रेकर सोडला तर एक तरी इंग्रजी शब्द आला? आणि ब्रेकरला मराठीत शब्दच नाही. नूतन, आज भांडी माझ्याकडं!"

मधु शब्द मोजत होता. काय बोलली हे त्यानं ऐकलंच नाही. तय्यबनं खांदे उडवले, रस्सा वाढून घेतला, आणि बोलणं गावाकडच्या आंब्यावर गेलं. नूतनला मात्र काहीतरी खटकलं. संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, "अहो, दुपारी अंतरा जे बोलली ना, ते तुम्ही तिला नीट समजावून सांगा." मधु म्हणाला, "सांगतो." आणि राहिलं ते राहिलंच.

कोर्सचं पहिलं दीड वर्ष भुर्रकन गेलं. अंतरा वर्गात दुसरी आली. मुलांच्या घोळक्यात एकटी मुलगी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून शिडीवर चढायची आणि मुआज सर म्हणायचे, हिचे हात सुतासारखे सरळ आहेत. कॉलेजचं किट घ्यायची वेळ आली तेव्हा मधुनं आपला जपानी टेस्टर तिला देऊन टाकला. वीज आहे की नाही हे आवाज करून आणि लाल दिवा लावून सांगणारा तो टेस्टर त्यानं पंधरा वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. स्वतःसाठी त्यानं बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हरवाला टेस्टर उचलला, ज्याच्या मुठीत काडीएवढा दिवा मिणमिणतो. "मला काय करायचाय भारीतला," तो नूतनला म्हणाला. "माझं आता वर्षही राहिलं नाही."

शेवटच्या सेमिस्टरला साइटवरचं काम. एक वही, तिच्यात वीस कामं, प्रत्येक कामाखाली साइटच्या सुपरवायझरची सही. वीस सह्या झाल्या की डिग्री. अंतराला बाहेरच्या दोन कंपन्यांनी नाही म्हटलं, तेव्हा मधुनं आपल्याच मॅनेजरला गळ घालून तिला आपल्या हाताखाली घेतलं. मे महिना उजाडला तोवर एकोणीस सह्या झाल्या होत्या. राहिलं होतं विसावं काम, आणि ते सगळ्यात जड होतं. दुरुस्तीच्या यंत्राची वीज तोडायची, ब्रेकरला, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या खटक्याला, स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. वर काम करणाऱ्याचा जीव त्या किल्लीत.

वही गुरुवारपर्यंत कॉलेजात द्यायची होती. मंगळवारी सकाळी बौशरच्या एका मॉलमधनं फोन आला. गच्चीवरच्या चार चिलरांपैकी चौथा बिघडला. चिलर म्हणजे अख्ख्या इमारतीला थंड करणारं धूड.

"देव पावला," मधु म्हणाला. असंही म्हणतात लोक.

गाडीत तिघंच होते. एरवी तळघरातल्या पॅनल रूममध्ये उभा राहणारा माणूस सुट्टीवर गेला होता. अंतरा मागच्या सीटवर फॉर्म पुटपुटत होती, पाढे म्हणावेत तसं. "एक, ब्रेकर आहे त्या स्थितीत कळवा. दोन, परवानगी मागा. तीन, ब्रेकर ओपन करा. चार, कुलूप..."

"पाठ आहे गं मला," मधु म्हणाला. "आणि ऐक. रेडिओवर माझ्याशी मराठीत बोलायचं."

"पण बाबा, मुआज सरांनी सांगितलंय, ओन्ली इंग्लिश."

"मॉलचे सिक्युरिटीवाले त्याच चॅनेलवर कान लावून बसतात. काय बिघडलं, कुणाचं चुकलं, सगळं मॅनेजरला जाऊन सांगतात. मराठी कुणाला कळत नाही तिथं. आणि सही कोण करणार, मुआज सर की मी?"

"तू."

"मग?"

अंतरा आरशात बघून हसली. "ठीक आहे. पण इंग्रजी बोलला तर भांडी तुला पण."

"कबूल."

तय्यब पुढं बसून खिडकीबाहेर बघत होता. तो नुसता म्हणाला, "सर सांगतांव तं ऐकावं पोरीचं." मधुनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नियमानं मधुनं अंतराच्या शेजारी तळघरात उभं राहायला हवं होतं. विसावं काम म्हणजे सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत करायचं काम. पण चिलरजवळ तय्यबला एकट्याला सोडता येत नव्हतं, आणि मॉलचा मॅनेजर दर पाच मिनिटांनी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. दुकानदार ओरडत होते, वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकं फिरकत नव्हती. मधुनं लेकीच्या हातात कुलूप आणि वॉकी-टॉकी दिली. जपानी टेस्टर तिच्या किटमध्ये होता, किट तिच्या खांद्यावर होतं.

"बाबा, मी एकटी?"

"एकोणीस सह्या काय उगाच केल्या मी?" त्यानं तिच्या हेल्मेटवर टिचकी मारली. "जा. चार नंबरचा ब्रेकर."

ती जिना उतरून गेली. मधुला त्या क्षणी काय वाटलं म्हणाल, तर अभिमान. निव्वळ अभिमान. माणसाचा घात करायला दुसरं काही लागत नाही.

गच्चीवर दुपारचे बारा वाजत आलेले. जूनपासून दुपारच्या उन्हात काम करायला मनाई असते, पण मे होता, मनाई लागायला अजून दिवस होते. सगळी गच्ची पांढऱ्या रंगानं रंगवलेली. वर बघा तर आग, खाली बघा तर तीच आग परत तोंडावर. तीन चिलर घरघरत होते. चौथा गप्प. त्याच्या वायरच्या टोकाचा लग, म्हणजे वायर पक्की धरणारं तांब्याचं टोक, जळून काळा झाला होता. त्यामुळं यंत्र आपणहून थांबलं होतं. यंत्र थांबलं म्हणून वीज गेली असं नव्हे. तळघरापासून गच्चीपर्यंतच्या त्या जाडजूड वायरीत ती होती तशी उभी होती. बघून कुणाला कळलं नसतं.

तय्यबनं पेटीचं झाकण खोललं आणि पाना हातात घेऊन उकिडवा बसला. वॉकी-टॉकी खरखरली.

"बाबा, मी चारच्या समोर उभी आहे."

"बोल."

जरा वेळ गेला. वर गेलेले तिचे डोळे मधुला इथनं दिसत होते जणू. मग आवाज आला, स्पष्ट, शाळेत कविता म्हणावी तसा. "चार नंबर बंद आहे, बाबा."

मधुनं तय्यबकडं बघून अंगठा दाखवला. एवढं छान, सुटसुटीत मराठी वाक्य! आणि काम किती झटपट केलं पोरीनं. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत.

"शाब्बास. आता त्याला हात लावू नकोस."

"हात नको?"

"अजिबात नको. मी सांगेपर्यंत नुसती उभी राहा."

"पण बाबा, मग मी..." आवाज तुटला, खरखर झाली. "बरं. नाही लावत."

त्या खरखरीत मधुच्या मनात काहीतरी हललं. काय ते त्याला धरता येईना. कुलूप. हां, कुलपाचं विचारायचं राहिलं. त्यानं बटण दाबायला अंगठा टेकवला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मॅनेजर. किती वेळ, कधी चालू होणार, अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः येतायत. "दस मिनट, इन्शाल्ला, दस मिनट," मधुनं सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग एकदा ओरडून सांगितलं. फोन ठेवला तोवर घाम डोळ्यांत उतरला होता आणि कुलूप डोक्यातनं गेलं होतं.

"टेस्टर द्या जरा," तय्यब म्हणाला. तो तरी विसरला नव्हता.

मधुनं शर्टाच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हरवाला टेस्टर दिला. तय्यबनं टोक वायरीला टेकवलं, मुठीवर हाताची सावली धरली, डोळे बारीक केले. त्या उन्हात मुठीतला काडीएवढा दिवा दिसणार कसा? मधुनंही वाकून बघितलं. त्याला नुसतं पांढरं दिसलं. डोळ्यांपुढं हिरवे-जांभळे ठिपके नाचत होते.

"पेटत नाय वाटतं," तय्यब म्हणाला.

"नाही पेटत."

"तुमचा तो आवाजवाला नाय आणला?"

"अंतराकडे आहे, खाली. आणू का मागवून?"

हे मधु बोलला. मागनं त्याला ते शब्द हजार वेळा ऐकू येणार होते. आणू का मागवून. चार मजले, एक लिफ्ट, जास्तीत जास्त सहा मिनिटं.

तय्यबनं टेस्टर परत दिला, बाहीनं तोंड पुसलं आणि एकोणीस वर्षं विचारत आला तेच विचारलं. "बंद हाय ना, मधुभाय?"

"पोरीनं स्वतः सांगितलंय." मधुच्या आवाजात हसू होतं. "बंद."

"मग बिस्मिल्ला."

पाना लगवर बसला, फिरला, निसटला, आणि पेटीच्या पत्र्याला टेकला.

आवाज मधुला आठवत नाही. ऊन होतं त्याच्यावर आणखी एक ऊन पडलं, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा पेटी धुमसत होती, तांबं जळाल्याचा वास सगळीकडं होता, आणि तय्यब दोन हात मागं पाठीवर पडला होता. पाना कुठंच नव्हता. तय्यबच्या हातांकडं मधुनं एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही.

"तय्यब! ए तय्यब! अरे देवा... कोई है? ॲम्ब्युलन्स बुलाओ, जल्दी!" जिन्याच्या दारातला गार्ड फोन कानाला लावत धावत सुटला. मधुनं गुडघे टेकले, तय्यबच्या छातीवर तळवे ठेवले, आणि दरवर्षी ट्रेनिंगमध्ये रबराच्या बाहुल्यावर दाबायचा तसं दाबायला लागला. एक, दोन, तीन, चार. छाती त्याच्या जोरानं हलत होती, आपली आपण हलत नव्हती. पण कसं? बंद होता ना? कसं झालं हे? तिनं परत चालू केला? सांगितलं होतं हात लावू नकोस म्हणून! अकरा, बारा. अंतरानं चालू केला? माझ्या अंतरानं?

शेजारी पडलेली वॉकी-टॉकी बोलली.

"बाबा? चार नंबर आत्ता उघडला. आपोआप. खूप मोठा आवाज झाला इथे. मी हात नाही लावला, प्रॉमिस... सॉरी, वचन. तू सांगितलं होतंस ना, हात लावू नको."

मधुचे हात थांबले.

उघडला. ब्रेकर उघडला, म्हणाली ती. पडला नाही, ट्रिप झाला नाही, बंद झाला नाही. उघडला. किंगफिशच्या रश्श्याचा तो शुक्रवार त्याच्या डोळ्यांपुढं आला, तोंडाजवळ थांबलेला तय्यबचा घास, आणि शब्द तोलत बोलणारी अंतरा. बंद असला तरच मरतो, चाचा. मुआजच्या हातातल्या दोन पट्ट्या आठवल्या. गाडीतलं पुटपुटणं आठवलं. एक, ब्रेकर आहे त्या स्थितीत कळवा. तिनं पहिलंच वाक्य कळवलं होतं. दुसरं म्हणून परवानगी मागणार होती, तोवर बापानं तिचे हात बांधले. उभी राहा म्हणाला, ती उभी राहिली. हातात उघडं कुलूप घेऊन.

त्यानं पुन्हा दाबायला सुरुवात केली. सतरा, अठरा. एक हात छातीवर ठेवून दुसऱ्या हातानं वॉकी-टॉकी ओढली. त्याला एकदाच, शेवटचं, विचारायचं होतं, आणि ते मराठीत विचारायची त्याची छाती नव्हती. कुठल्याही मराठी शब्दावर आता त्याचा भरवसा उरला नव्हता.

"अंतरा," तो म्हणाला. "व्हेन यू टोल्ड मी. वॉज इट क्लोज्ड?"

"हो. बंद. मी तेच बोलले ना?" खालच्या थंडगार तळघरात वरचा धूर नव्हता, वास नव्हता, काही नव्हतं. तिथं फक्त विसावं काम नीट पार पडत आलेली एक मुलगी होती, आणि तिच्या आवाजात हसू फुटलं होतं. "आता सुरक्षित आहे, बाबा. कुलूप लावू? आणि तू इंग्रजी बोललास. आज भांडी तुझी!"